अधिवेशनात गावचा प्रश्न लावायचा कसा? कोकणातल्या गावांसाठी

अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की कोकणातल्या प्रत्येक आमदाराच्या संपर्क कार्यालयात निवेदनांचा गठ्ठा जमतो. बहुतेक कागद एकाच वळणाचे असतात. रस्ता, पाणी, बंधारा, डॉक्टर, मोबाइलचा टॉवर, एसटीची वस्तीची गाडी अशा बारा मागण्या आणि खाली ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती’. असा कागद सभागृहापर्यंत पोहोचत नाही. विधानसभेत मागणी नुसती मांडता येत नाही, ती एखाद्या संसदीय आयुधात, म्हणजे सभागृहाच्या नियमांनी ठरलेल्या मार्गात, बसवावी लागते. तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात), लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, कपात सूचना (अर्थसंकल्पातली मागणी कमी करण्याची सूचना) ही ती आयुधे. प्रत्येकाचा साचा वेगळा, मुदतही वेगळी. बारा मागण्यांचा कागद यातल्या एकाही साच्यात जात नाही.

दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. सभागृहात उत्तर मंत्री वाचतात, पण ते लिहायला सुरुवात होते तुमच्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात. प्रश्न स्वीकारला गेला की मंत्रालयातला विभाग खालच्या कार्यालयाकडून माहिती मागवतो. उपअभियंता, तहसीलदार किंवा मत्स्यव्यवसायाचे सहायक आयुक्त अहवाल पाठवतात आणि त्यावरून उत्तर तयार होते. म्हणून आमदारांच्या कागदावर आणि त्या कार्यालयाच्या फाइलीत एकच आकडा, एकच तारीख, गावाचे एकच नाव असले पाहिजे. पुढची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

वेळेचे गणित

राज्याची वर्षाला सहसा तीन अधिवेशने होतात. अर्थसंकल्पीय अधिवेशन फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये आणि पावसाळी जून-जुलैच्या सुमारास, ही दोन्ही मुंबईत. हिवाळी डिसेंबरमध्ये नागपूरला, १९५३ च्या नागपूर कराराची ती देणगी. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडू नये, असे राज्यघटनेच्या अनुच्छेद १७४ मध्ये आहे. त्यामुळे तारखा मागेपुढे झाल्या तरी चक्र चुकत नाही. तारीख जाहीर होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आठवडे आधी द्यावे लागतात. लक्षवेधी मात्र अधिवेशन चालू असताना देता येते. वर्तमानपत्रात ‘उद्यापासून अधिवेशन’ वाचून जो आमदारांकडे धावतो त्याच्यासाठी तारांकितचे दार केव्हाच बंद झालेले असते.

कोकणच्या वर्षाशी याची सांगड घालून पाहा. हिवाळी अधिवेशनाची तयारी गणपतीत सुरू करावी. चाकरमानी गावात असतात, गावकीची बैठक होते, मुंबई मंडळाचे, म्हणजे मुंबईतल्या गावकऱ्यांच्या संघटनेचे, पदाधिकारीही हाताशी असतात. डिसेंबरात बागायतदार मोहोराच्या फवारणीत गुंतलेला असतो, तेव्हा कागद जमवायला कुणाला सवड नसते. पावसाळी अधिवेशनाची तयारी एप्रिल-मेमध्ये, पुन्हा चाकरमानी असतानाच. अर्थसंकल्पात पैसे हवे असतील तर मार्चमध्ये मागणे म्हणजे वरात गेल्यावर घोडा शोधणे. विभागांचे प्रस्ताव आणि जिल्हा वार्षिक योजनेचे आराखडे थंडीतच ठरतात. दिवाळीनंतर लगेच कागद गेला पाहिजे.

बारातली एक निवडायची

गावाने आमदारांना एका अधिवेशनासाठी एकच प्रश्न द्यावा, फार तर दोन. हे ऐकून ग्रामसभेत गोंधळ होतो, वाडीवाडीत रुसवेफुगवे होतात. पण आमदारांच्या यादीत शे-दीडशे गावे असतात आणि एका गावाचे बारा विषय आले की त्यातला सोपा तेवढा उचलला जातो. तो तुमच्या निकडीचा असेलच असे नाही.

निवडताना पहिले विचारायचे ते हे : विषय कुणाच्या अखत्यारीतला? इथे सर्वांत जास्त प्रश्न गारद होतात.

रस्ता घ्या. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. पनवेल ते इंदापूर हा मुंबई–गोवा महामार्गाचा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, तर इंदापूरच्या पुढचा राज्याच्या बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेमार्फत झाला. त्यामुळे दुसऱ्या टप्प्याबद्दल विधानसभेत विचारायला वाव जास्त मिळतो. रेवस–रेड्डी सागरी महामार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे. आणि वाडीकडे जाणाऱ्या पाखाडीच्या वाटेला रस्ते आराखड्यात क्रमांकच नसेल, तर आधी क्रमांक मिळवणे हेच काम. क्रमांक नसलेल्या रस्त्यावर खर्च टाकायला लेखाशीर्षच, म्हणजे खर्चाचे खातेच, नसते.

बंधाऱ्यांचा घोळ याहून मोठा. समुद्राच्या लाटांनी किनारा धुपतो तिथे लागतो तो धूपप्रतिबंधक बंधारा. तो बंदरे विभागाच्या यंत्रणेचा, म्हणजे पतन अभियंता आणि सागरी मंडळ यांच्याकडचा विषय. खाडीचे खारे पाणी भातशेतीत घुसू नये म्हणून असतो तो खारबंदिस्तीचा बांध. तो जलसंपदा विभागाच्या खारभूमी यंत्रणेकडे. दोन्हींना गावात ‘बंधारा’च म्हणतात. त्यामुळे प्रश्न चुकीच्या मंत्र्यांकडे जातो आणि ‘सदर बाब या विभागाशी संबंधित नाही’ असा शेरा घेऊन परत येतो. पेण-अलिबागकडे आणखी एक पेच आहे. काही खारभूमी योजना शासकीय, काही खासगी. खासगी योजनेचा बाहेरकाठा (खाडीकडचा बाहेरचा बांध) फुटला तर विभाग हात वर करतो. तुमची योजना कोणत्या यादीत आहे, हे पाहिल्याशिवाय एक ओळही लिहू नका. खासगी असेल तर मागणी दुरुस्तीची नसते. योजना शासनाने ताब्यात घ्यावी, अशी ती असते.

मासेमारीचे तसेच. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी राज्याच्या अखत्यारीत, त्यापलीकडचे केंद्राच्या. पर्ससीन (मोठ्या घेराच्या जाळ्याच्या) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर प्रश्न विचारताना ‘राज्याच्या सागरी हद्दीत’ हे शब्द आलेच पाहिजेत, नाहीतर उत्तर दिल्लीकडे बोट दाखवून संपते. आधार १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाचा घ्यावा. २०२१ च्या दुरुस्तीने त्यातला दंड बराच वाढला. ‘दंड वाढवा’ ही मागणी त्यामुळे शिळी झाली आहे. गेल्या वर्षात किती नौकांवर कारवाई झाली, किती दंड आकारला, त्यातला वसूल किती झाला, असे विचारले तर काहीतरी हाती लागते. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीकाळातले उल्लंघन आणि डिझेल परताव्याची थकबाकी हेही राज्याचेच विषय.

दवाखान्यात प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाल्यापासून तिथल्या जिल्हा रुग्णालयातल्या पदांबाबत कोणत्या मंत्र्यांना विचारायचे, हे आधी तपासून घ्यावे. किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना केंद्राची, पण नकाशे, सुनावण्या आणि शिफारसी राज्याच्या प्राधिकरणामार्फत होतात. प्रश्न त्या अर्ध्या भागावर विचारावा. रेल्वे थांब्यासाठी खासदारांकडे जावे, आमदारांचा वेळ घेऊ नये.

साकव, स्मशानशेड, सभामंडप, विंधन विहीर अशी कामे अधिवेशनात न्यायचीच नसतात. ती आमदार निधीतून होतात किंवा पालकमंत्री अध्यक्ष असलेल्या जिल्हा नियोजन समितीतून. आमदार निधी वर्षाला ५ कोटी रुपये आहे. मतदारसंघातल्या गावांच्या संख्येने भागून पाहा, म्हणजे मागणीचा आकडा किती ठेवायचा ते आपोआप कळेल. वस्तीच्या गाडीसाठी आगार व्यवस्थापक आणि विभाग नियंत्रक पुरतात.

या चाळणीतून उरतात ते विषय धोरणाचे, शासन निर्णयाचे किंवा मंत्रालयात अडलेल्या फाइलीचे. सिंधुदुर्गातल्या आंबोली-चौकुळ-गेळेचा, संस्थानकाळापासून चालत आलेला कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न, तिथल्याच आकारीपड (सारा न भरल्याने सरकारजमा झालेल्या) जमिनी, सामायिक सातबारामुळे अडणारी अनुदाने, हवामानावर आधारित फळपीक विम्याचे निकष हे अस्सल अधिवेशनाचे विषय. कारण ते तहसीलदार सोडवूच शकत नाही.

अडले कुठे ते शोधा

सरकारी कामाच्या पायऱ्या ठरलेल्या असतात : सर्वेक्षण, अंदाजपत्रक, प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, निधीची तरतूद, निविदा, कार्यारंभ आदेश. ‘काम मंजूर आहे’ असे कुणी सांगितले की कोणती पायरी, हे विचारावे. प्रशासकीय मान्यतेला गावात मंजुरी म्हणतात, फटाके वाजतात, फलक लागतो. पण तरतूद नसेल तर काम वर्षानुवर्षे तिथेच राहते. रस्ते आणि पुलांच्या कामात ३०५४ आणि ५०५४ ही लेखाशीर्षे कानावर पडतील. पहिले महसुली खर्चाचे, त्यात देखभाल-दुरुस्ती येते. दुसरे भांडवली, म्हणजे नवीन काम आणि मोठी सुधारणा. पडलेले खड्डे ५०५४ मधून मागितले तर कागद फिरत राहतो.

नेमकी पायरी कळायला माहिती अधिकाराचा अर्ज हा सर्वांत स्वस्त मार्ग. १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो. उत्तराची मुदत ३० दिवस. मुदतीत उत्तर आले नाही तर २० रुपयांच्या स्टॅम्पवर पहिले अपील. म्हणजे अपिलासकट दोन-अडीच महिने धरून चालावे आणि तेवढे मागे जाऊन अर्ज टाकावा.

‘बंधाऱ्याचे काम का झाले नाही?’ असे विचारू नका. का याचे उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो, तो अभिलेखात असलेली माहिती देतो. मागायचे ते असे : अंदाजपत्रकाची प्रत, ते वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांक व दिनांक, आणि त्यावर आलेल्या उत्तराची प्रत. हा जावक क्रमांक हाती आला की अर्धे काम झाले.

ग्रामसभेचा ठराव

ठराव नसेल तर मागणी चार लोकांची ठरते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी संख्या लागते. तेवढे जमले नाहीत आणि सभा तहकूब झाली तर तसे इतिवृत्तात स्वच्छ येऊ द्या. खोट्या सह्यांचा ठराव पुढे विरोधकांच्या हाती लागतो आणि प्रश्न बाजूला राहून तेच प्रकरण गाजते. ठरावात विषय एकच, सूचक-अनुमोदकांची नावे, ठराव क्रमांक आणि दिनांक. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) सहीशिक्क्याची सत्यप्रत त्याच आठवड्यात घ्या. मच्छीमारांच्या प्रश्नाला सहकारी सोसायटीचा ठराव जोडला तर वजन वाढते. दोन-तीन शेजारगावांचे एकाच मजकुराचे ठराव असतील तर आणखीच.

एका पानाचे टिपण

आमदारांसाठी एकच पान. मागे जोडपत्रे कितीही असोत. पानावर वरून खाली : विषय एका ओळीत; ठिकाण, म्हणजे महसुली गावाचे नाव, तालुका, जिल्हा; काय झाले, कधी; किती लोक, किती क्षेत्र; फाइल कोणत्या कार्यालयात, कोणत्या पत्राने, कोणत्या तारखेपासून; आणि नेमके काय हवे.

गावाचे नाव सातबाऱ्यावर आहे तसेच लिहा. वाडीचे किंवा बोलीतले नाव लिहिले की ‘अशा नावाचे गाव नाही’ इथपर्यंत मजल जाते. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, गट क्रमांकांसह. खारे पाणी शिरले असेल तर ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे तलाठी) केलेला पंचनामा जोडा. तो झाला नसेल तर टिपणात मागणी आधी पंचनाम्याची. फोटो अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, भरती पूर्ण असताना काढा, तारीख आणि स्थान फोटोवर उमटेल असे. ओहोटीला काढलेल्या फोटोत खांड (भगदाड) पडलेला बांधही शांत, कोरडा दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटते, गाववाले उगाच ओरडतात. खांडीची लांबी टेपने मोजा, पावलांनी नव्हे.

‘काय हवे’ ही ओळ लिहिताना लोक सर्वांत जास्त घसरतात. ‘समस्या सोडवावी’ ही मागणी नाही. ‘कार्यकारी अभियंत्यांनी अमुक तारखेला सादर केलेल्या अंदाजपत्रकास प्रशासकीय मान्यता द्यावी’ ही मागणी आहे. तिला हो किंवा नाही, असेच उत्तर देता येते.

प्रश्नाचा मजकूर स्वतः लिहा

टिपण दिले की काम संपले असे समजू नये. आमदारांचे स्वीय सहायक अधिवेशनाआधी शेकडो प्रश्न तयार करत असतात. तुम्ही साच्यातला मजकूर टंकित करून दिलात तर तुमचा प्रश्न आधी जातो. व्हॉट्सअॅपवर कागदाचा फोटो पाठवू नका, त्यातून मजकूर उचलता येत नाही. युनिकोडमधली मजकुराची फाइल द्या, सोबत छापील प्रत, आणि छापील प्रतीवर पोच घ्या.

साचा साधारण असा असतो :

(१) मौजे ……, तालुका पेण, जिल्हा रायगड येथील …… खारभूमी योजनेच्या बांधास माहे …… मध्ये वा त्यासुमारास सुमारे …… मीटर लांबीची खांड पडून सुमारे …… हेक्टर भातशेतीत खारे पाणी शिरल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय,

(२) असल्यास, सदर बांधाच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक कार्यकारी अभियंता यांनी दिनांक …… रोजी वा त्यासुमारास मान्यतेसाठी सादर केले आहे, हे खरे आहे काय,

(३) असल्यास, त्यास प्रशासकीय मान्यता देऊन काम सुरू करणेबाबत व बाधित शेतकऱ्यांना नुकसानभरपाई देणेबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे,

(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?

या भाषेला नावे ठेवायचा मोह होतो, पण ‘वा त्यासुमारास’ आणि ‘सुमारे’ हे दोन शब्द पिढ्यांच्या अनुभवातून आलेले आहेत. तुम्ही लिहिले १४ तारखेला बांध फुटला आणि विभागाच्या नोंदीत १५ असेल, तर पहिल्या भागाचे उत्तर येते ‘हे खरे नाही’. मग (२), (३), (४) या सगळ्यांपुढे एकच शेरा : ‘प्रश्न उद्भवत नाही’. एका दिवसाच्या फरकाने अधिवेशन गेले. ‘वा त्यासुमारास’ लिहिले की ती पळवाट बंद होते. त्याच कारणाने पहिल्या भागात निर्विवाद तेवढेच ठेवावे. ‘निकृष्ट कामामुळे बांध फुटला’ असे पहिल्याच ओळीत लिहिले तर नाकारायला सोपे. बांध फुटला हे (१) मध्ये, कामाच्या दर्जाची चौकशी केली काय हे पुढच्या भागात.

प्रश्न दाखलच होत नाही अशीही कारणे असतात : विषय न्यायालयात प्रलंबित असणे, केंद्राचा असणे, नुसते मत विचारणे, काल्पनिक शक्यतेवर बेतणे, किंवा कुणा व्यक्तीवर थेट आरोप करणे. गावातला एखादा दावा कोर्टात असेल तर तो आमदारांपासून लपवू नका. विभाग तो दोन मिनिटांत शोधतो.

प्रश्न सभागृहात पुकारला गेला तर आमदारांना उपप्रश्न विचारता येतात. खरी झुंज तिथे होते. म्हणून टिपणाच्या मागच्या बाजूला तीन उपप्रश्न, प्रत्येकी एका वाक्याचे, लिहून द्या. विभाग काय म्हणेल याचा अंदाज बांधा. ‘निधी उपलब्धतेनुसार’ असे उत्तर आले तर उपप्रश्न : या योजनेसाठी पुरवणी मागणीत (अर्थसंकल्पानंतरच्या जादा तरतुदीत) तरतूद करणार काय? ‘चौकशी सुरू आहे’ आले तर : कोणत्या दर्जाचे अधिकारी चौकशी करत आहेत आणि अहवाल कधी येणार? तारीख मागणारा उपप्रश्न नेहमी शेवटी ठेवावा.

कोणते आयुध कशाला

तारांकित प्रश्न आपण पाहिला. त्याची मर्यादा अशी की प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच प्रश्न तोंडी चर्चेला येतात आणि कुणाचा क्रम वर लागेल ते सदस्याच्या हाती नसते. पण छापील यादीतले लेखी उत्तर मिळते आणि ते पुढच्या लढाईला पुरते. एकाच विषयावर अनेक सदस्यांनी प्रश्न दिला तर तो सर्वांच्या नावाने एकत्र लागतो. नुसती माहिती, आकडे हवे असतील तर अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराच्या, प्रश्नावर भागते.

विधानसभेच्या नियम १०५ ची लक्षवेधी तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीसाठी. मंत्री निवेदन करतात, मग सदस्य प्रश्न विचारतात. चक्रीवादळ, पूर, दरड, किनाऱ्यावर तेलगोळे येणे अशा ताज्या घटनेला हेच आयुध योग्य. वीस वर्षे रखडलेला पूल लक्षवेधीत बसवायचा तर अलीकडे काय घडले ते पुढे करावे लागते. औचित्याचा मुद्दा छोटा, सदस्य तो थोडक्यात मांडतो, तिथल्या तिथे उत्तराची सक्ती नाही. तरी नोंद होते, आणि तारांकितची मुदत हुकलेल्या गावाला तोच आधार. नियम २९३ च्या प्रस्तावावर मोठी चर्चा होते. त्यात कोकणच्या आमदारांच्या वाट्याला काही मिनिटे येतात. त्यासाठी तुमचा प्रश्न चार वाक्यांत द्या. नागपूरला विदर्भाचे विषय साहजिकच पुढे असतात, तेव्हा किनाऱ्याचा मोठा विषय शक्यतो मुंबईच्या अधिवेशनासाठी राखून ठेवलेला बरा.

अर्थसंकल्पीय अधिवेशनात विभागवार अनुदानाच्या मागण्यांवर चर्चा असते. मत्स्यव्यवसाय, बंदरे, सार्वजनिक बांधकाम या मागण्या कोणत्या दिवशी आहेत ते आधी कळते. त्या दिवशीच्या भाषणासाठी आमदारांना आकड्यांचा परिच्छेद हवाच असतो, फार थोडे लोक तो देतात.

नागरिकाला विधिमंडळात थेट उतरायचीही एक वाट आहे. विनंती अर्ज सदस्यामार्फत सभागृहात सादर होतो आणि विनंती अर्ज समिती त्यावर विभागाची सुनावणी घेऊ शकते. एखादे विधेयक संयुक्त समितीकडे गेले तर लोकांच्या सूचना मागवल्या जातात. २०२४ च्या डिसेंबरात मांडलेले विशेष जनसुरक्षा विधेयक असेच समितीकडे गेले, त्यावर हजारो सूचना आल्या आणि काही बदलांसह ते जुलै २०२५ मध्ये संमत झाले. सूचना देताना कलम क्रमांक, आत्ताचे शब्द आणि तुम्हाला हवे ते शब्द समोरासमोर लिहावेत. ‘हे विधेयक रद्द करा’ एवढेच लिहिलेले पत्र फक्त मोजणीत धरले जाते.

कुणाकुणाला द्यायचे

पहिला मान आपल्या आमदारांचा. ते मंत्री असतील तर ते सभागृहात प्रश्न विचारू शकत नाहीत. त्यांना टिपण द्या आणि विभागाची बैठक लावायला सांगा. प्रश्नासाठी दुसरे सदस्य गाठा. रत्नागिरी जिल्ह्यात पाच, सिंधुदुर्गात तीन, रायगडमध्ये सात मतदारसंघ आहेत. किनाऱ्याचे दुखणे सामायिक असल्याने शेजारचे आमदार सहसा नाही म्हणत नाहीत. शिवाय विधान परिषद विसरू नका. तिथे कोकण पदवीधर, कोकण शिक्षक आणि रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्ग स्थानिक प्राधिकारी मतदारसंघांच्या जागा आहेत. सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाकांवर एकच मजकूर गेला तर उत्तम. मात्र तसे दोघांनाही सांगून करा. परस्पर कळले की दोघेही हात काढून घेतात.

भेटायला जाताना पाच माणसे पुरेत आणि बोलणारा एक. शिमग्यात, जत्रेत, लग्नाच्या मांडवात हातात कागद देऊ नका. तो सदऱ्याच्या खिशात जातो आणि धुण्याबरोबर निघतो. मुंबई मंडळातला एक जण पाठपुराव्यासाठी नेमा. मुंबईच्या अधिवेशनात आमदार निवास आणि मंत्रालय हे दोन्ही त्याच्या लोकलच्या टप्प्यात असतात, गावच्या सरपंचाला मात्र रात्रीची गाडी पकडावी लागते.

टिपणाची एक प्रत संबंधित तालुका कार्यालयाला, आमदारांना दिली त्याच दिवशी द्या. प्रश्न लागल्यावर त्यांना माहिती मागितली जाईल तेव्हा तुमचे आकडे त्यांच्या टेबलावर असतील. बहुधा अधिवेशनाच्या आधल्या पंधरवड्यात कुणीतरी स्थळपाहणीला येते. त्या दिवशी सरपंच, बाधित शेतकरी, नकाशा आणि पंचनाम्याची प्रत जागेवर हजर ठेवा. पाहणी अहवालावर उपस्थितांच्या सह्या होतात, त्यात तुमची असू द्या. कित्येकदा प्रश्न सभागृहात यायच्या आधीच काम हलते, ते या पाहणीमुळे.

अधिवेशन चालू असताना आणि नंतर

दिवसाच्या कामकाजाचा क्रम आणि प्रश्नांच्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर येतात, कामकाजाचे थेट प्रक्षेपणही असते. रोज सकाळी एकाने यादी पाहावी. गोंधळात प्रश्नोत्तराचा तास वाहून गेला तरी लेखी उत्तर मिळते. ते स्वीय सहायकांकडून मागून घ्या. प्रेक्षक गॅलरीचे पास आमदारांमार्फत मिळतात, पण वीस जणांनी जाऊन फोटो काढण्यापेक्षा उत्तराची प्रत मिळवणे जास्त मोलाचे.

उत्तर शब्दशः वाचा. ‘तपासून पाहू’ आणि ‘तीन महिन्यांत काम सुरू करू’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मंत्र्यांनी ठोस काही कबूल केले असेल तर त्याची नोंद आश्वासन म्हणून होते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा घेते. तुमच्या फायलीत सभागृहाचे नाव, दिनांक, प्रश्न क्रमांक, मंत्र्यांचे पद आणि ते वाक्य लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी विभागाला त्या उल्लेखासह पत्र, प्रत आमदारांना. उत्तरात चुकीची माहिती आली असेल तर पुरावे जोडून आमदारांना आठवड्याभरात कळवा, त्यांना सभागृहात ते निदर्शनास आणून देता येते. ‘अंशतः खरे आहे’ असे उत्तर आले असेल तर कोणता अंश खरा धरला, तेवढाच धागा पकडून पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न बेतावा. त्या वेळी (१) मध्ये नवे काही लिहायची गरज नसते. शासनाने मागच्या वेळी स्वतः दिलेले उत्तरच, त्याच्या दिनांकासह, पहिल्या ओळीत टाकायचे. ते ‘हे खरे नाही’ म्हणून नाकारता येत नाही.